चेल्टनमचा बंगला आणि दांडिया बाजारातली भिंत

बडोद्यातले आमचे चुनाकाम करणारे गवंडी, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी माझा फोन हातात घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला. एरवी कुणी काढणार नाही असा तो फोटो होता. पांढऱ्या खांबाचा बुंधा, त्याचा ओंजळीएवढा टवका उडालेला आणि आतून तांबडी वीट दिसणारी. उस्तादांनी तेवढंच पाहिलं. वरचं दार, लोखंडी नक्षीची गॅलरी, कशाकडेच लक्ष दिलं नाही.

"बेन, हा दगड नाही," ते म्हणाले. "हा तर आपलाच धंदा."

तो खांब इंग्लंडातल्या चेल्टनमचा. मुलाकडे साडेतीन महिने राहून मी मागच्या वर्षी परत आले. तिथे पिटव्हिल भागात १८३०च्या दशकातला एक जोडबंगला आहे. त्याचे आता फ्लॅट झालेत आणि त्यातल्या पहिल्या मजल्यावर मुलगा-सून राहतात. मी चौतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढली, आधी ट्रेसिंग क्लॉथ आणि शाई, शेवटी कॉम्प्युटर. त्यामुळे कुठलंही घर समोर आलं की ते मधोमध कापलं तर आत काय दिसेल, हेच डोळ्यांपुढे येतं. पहिल्या दिवशी टॅक्सीतून उतरले तेव्हा मात्र मीही फसले. वाटलं, काय सुंदर दगडी घर आहे! सकाळी फिरायला बाहेर पडले, खांबाचा तो टवका दिसला आणि मी तिथेच थांबले. अख्खं घर विटांचं होतं. वरचा 'दगड' म्हणजे गिलावा.

चेल्टनम हे पाण्यामुळे वसलेलं गाव. १७१६ साली तिथे खारट पाण्याचा झरा सापडला, १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज ते पाणी प्यायला येऊन राहिला, आणि मग बड्या लोकांची रीघ लागली. जोसेफ पिट नावाच्या सावकाराने गावाच्या उत्तरेला जमीन घेऊन नवी वसाहत आखली. तिथलं घुमटाचं पंप रूम, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायला जमायचं सभागृह, १८२५ ते १८३० या काळात बांधलं. बंगले मात्र ठरल्याप्रमाणे उठले नाहीत. १८२५च्या अखेरीस इंग्लंडातल्या बँका कोसळल्या आणि बांधणाऱ्यांचा पैसा आटला. पिट स्वतः १८४२ मध्ये गेला तो कर्ज मागे ठेवून. म्हणूनच पिटव्हिलमध्ये एक बंगला १८३०चा, शेजारचा १८४५चा, त्याच्या पुढचा आणखी नंतरचा, असं दिसतं. गिलाव्याची पद्धत वर्षावर्षाने कशी बदलत गेली ते एका रस्त्यावर चालत वाचता येतं. मी रोज वाचत होते.

विटेवर गिलावा का? पहिलं कारण पैसा. घडीव दगड महाग आणि त्याची ने-आण त्याहून महाग. विटेवरही १७८४ ते १८५० पर्यंत सरकारी कर होता, पण तरी ती दगडापेक्षा स्वस्त पडे. दुसरं कारण म्हणजे फॅशन. वास्तुकार जॉन नॅशने लंडनमध्ये रीजंट्स पार्कभोवती १८२०च्या दशकात जी लांबलचक घरांची ओळ उभी केली, ती सगळी गिलाव्याची. वीसपंचवीस घरं एकामागे एक, पण लांबून एकच राजवाडा दिसावा. दगडात हे करायला केवढा खर्च आला असता! गिलावा सांधे झाकतो, सगळ्यांना एक अंग देतो. त्या काळच्या एका नियतकालिकात नॅशवर टवाळीची कविताही छापून आली होती. रोमच्या ऑगस्टसला विटांचं शहर मिळालं, त्याने ते संगमरवरी करून ठेवलं. आमच्या नॅशला सगळं विटांचं मिळालं, तो सगळं गिलाव्याचं करून जातोय, अशा अर्थाची.

पण माझ्या दृष्टीने तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते म्हणजे माल. साधा चुना इंग्लंडच्या पावसात बाहेरच्या भिंतीवर फार टिकत नसे. १७९६ मध्ये जेम्स पार्कर नावाच्या माणसाने एका नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं. थेम्स नदीच्या मुखाशी शेपी बेट आहे. तिथल्या किनाऱ्यावर चिकणमातीतून धुऊन निघालेले गोटे सापडत. त्यांत चुना आणि माती निसर्गानेच मिसळलेली. ते गोटे भट्टीत भाजायचे आणि दळायचे, की झालं 'रोमन सिमेंट'. रोमन लोकांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, नाव फक्त भारदस्त. आपण आज ज्याला सिमेंट म्हणतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतलं. दोन्ही एक नव्हेत. रोमन सिमेंट तपकिरी रंगाचं आणि भलतंच घाईचं. पाणी घातल्यापासून पंधराएक मिनिटांत घट्ट होतं. म्हणजे घमेलंभर कालवून ठेवायची सोयच नाही. जेवढं हातात मावेल तेवढंच कालवायचं, लावायचं, पुन्हा कालवायचं.

हे मी वाचलेलं नाही, पाहिलं. आमच्या खिडकीसमोरच परांची बांधली होती आणि एक पंचविशीतली मुलगी पहिल्या मजल्याच्या पट्ट्याची कंगणी, म्हणजे भिंतीबाहेर आलेली घडीव कड, दुरुस्त करत होती. तिच्या पोत्यावर फ्रान्सचं नाव होतं, कारण तसलं नैसर्गिक सिमेंट आता तिकडून येतं. जुन्या कंगणीचा जो भाग शाबूत होता त्याच्यावरून तिने जस्ताच्या पत्र्याचा साचा कापून घेतला होता. साचा लाकडी घोडीवर ठोकलेला. भिंतीवर खाली एक सरळ पट्टी मारलेली, तिच्यावरून घोडी सरकते. ती एका हाताने माल फेकायची आणि दुसऱ्या हाताने साचा ओढायची. पहिल्या फेरीत नुसता खडबडीत उंचवटा. दुसऱ्या फेरीत कडा जराशी दिसते, मोडते, पुन्हा माल. चौथ्या की पाचव्या ओढीला साचा पुढे गेला आणि त्याच्या मागे कंगणी अशी निघाली, जशी शेवेच्या सोऱ्यातून शेव पडते. धारदार, सलग, ओली. खालच्या बाजूला बोटभर रुंद खाच आपोआप पडली होती. पावसाचं पाणी कंगणीच्या पोटाखालून भिंतीकडे वळू नये, खाचेशी अडून थेंब खाली पडावा, यासाठी ती. मी चहाचा कप हातात धरून उभी होते, चहा गार झाला.

मुलीने माझ्याकडे पाहून हात केला. मीही केला. दुसऱ्या दिवशी तिला खिडकीतून तिळाचे लाडू दिले.

हे लाडू प्रकरण सोडा. घर सांगते.

तळमजला रस्त्यापासून चार पायऱ्या उंच. त्याच्या खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर; स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या तिथे होत्या. कोळशाच्या बादल्या तिथून दुसऱ्या मजल्यापर्यंत कुणीतरी रोज वाहत असणार. त्या तळघराबद्दल मला काही प्रेम वाटलं नाही. तळमजल्याच्या गिलाव्यात खोल खाचा पाडलेल्या आहेत, बोट आत जाईल अशा, म्हणजे मोठमोठे चिरे रचलेत असं वाटावं. पहिल्या मजल्यावर खाच नाही, नुसती बारीक रेघ. दुसऱ्या मजल्यावर रेघही नाही, सपाट. जड खाली, हलकं वर. खिडक्यांचंही तसंच: पहिल्या मजल्याच्या सगळ्यांत उंच, कारण दिवाणखाना तिथे, आणि वरच्या जवळजवळ चौरस. छप्पर वेल्सच्या पाटीदगडाचं, उतार इतका कमी की रस्त्यावरून दिसतच नाही. दिसते ती फक्त बाहेर आलेली वळचण आणि तिला आधार देणारे लाकडी घोडे. भिंत सावलीत राहते आणि कोरडीही राहते.

एका खिडकीने मला दोन दिवस गोंधळात टाकलं. बाहेरून मोजल्या तर बाजूच्या भिंतीत तीन खिडक्या, आतून दोनच. तिसरी आंधळी निघाली. विटेत कोनाडा ठेवून त्यात गिलावा केलेला आणि वर काळ्या रंगाने काचा रंगवलेल्या. आत तिथे धुराड्याची भिंत आहे, खिडकी शक्यच नव्हती, पण बाहेरची लय मोडायची नाही म्हणून.

आणि ती गॅलरी. ओतीव लोखंडाचा कठडा, वर तंबूच्या कनातीसारखं वळलेलं पत्र्याचं छप्पर. 'व्हरांडा' हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून गेला, आणि चेल्टनममध्ये तर ईस्ट इंडिया कंपनीतून निवृत्त झालेले साहेब मोठ्या संख्येने येऊन राहिले होते. वर्षातले दोन महिने ऊन पडणाऱ्या गावात या माणसांना व्हरांडा हवा होता. मी तिथे बसून भाजी निवडायची. आपल्या अंगणातून कुणी उचलून तिथे नेलेल्या जागी बसल्यासारखं वाटायचं.

आता रंगाबद्दल. आज हे सगळे बंगले पांढरेशुभ्र किंवा सायीच्या रंगाचे दिसतात आणि लोकांना तेच मूळ रूप वाटतं. मुळात ते दगडी रंगाचे असत. रोमन सिमेंटचा तपकिरी रंग कुणालाच आवडत नसे, म्हणून वरून चुन्याची सफेदी देत आणि तिच्यात हिराकस मिसळत. तोच हिराकस, जो आजीच्या काळात शाईत घालायचे. त्याने बाथ गावच्या दगडासारखा पिवळट रंग येतो. हौशी मालक तर एकेका खोट्या चिऱ्याला किंचित वेगळी छटा द्यायला लावत, कारण खऱ्या भिंतीत दोन दगड कधी एका रंगाचे नसतात. पुढे सफेद्याचा तेलरंग आला. मालक बदलला तरी भिंत उघडी पडू नये म्हणून भाडेपट्ट्यातच ठरावीक वर्षांनी रंग देण्याची अट घालत.

यावर मोठमोठी माणसं चिडली होती. वास्तुकार प्युजिन, कलासमीक्षक रस्किन यांच्यासारख्यांचं म्हणणं असं की विटेने वीट दिसावं, दगडाने दगड. गिलाव्याचा दगड ही लबाडी. विद्यार्थिदशेत मलाही हेच शिकवलं गेलं आणि मी ते कित्येक वर्षं खरं मानलं. आज मानत नाही. भाडेपट्ट्यात रंगाची अट घालणाऱ्या मालकाला आपलं घर दगडाचं नाही हे पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्यालाही ठाऊक होतं, कारण त्याचंही तसंच. मग फसवलं कुणाला? ओल्या गिलाव्यावर पट्टी धरून ओढलेली रेघ म्हणजे ड्रॉइंग आहे. मी आयुष्यभर कागदावर काढलं, त्या गवंड्याने भिंतीवर काढलं. आमच्या बंगल्याच्या कोपऱ्याशी एका ठिकाणी ती रेघ पट्टीवरून घसरली आहे, करंगळीएवढी. रंगाच्या इतक्या थरांखालूनही ती दिसते. माल घट्ट व्हायला लागला असेल, खालून कुणी हाक मारली असेल. रोज येताजाता मी तिथे हात लावायची.

परत येण्याआधी मुलाने आइल ऑफ वाइट बेटावरचा ऑस्बॉर्न हाउस दाखवला. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं १८४५ ते १८५१ मध्ये बांधलेलं घर. बांधणारा थॉमस क्युबिट, ज्याने लंडनचं बेल्ग्रेव्हिया उभं केलं. इटालियन पद्धतीचे दोन मनोरे, सपाट छप्पर, आणि सगळ्या अंगावर सिमेंटचा गिलावा. राणीनेच हे केल्यावर देशभर मनोऱ्याच्या बंगल्यांचं पेव फुटलं. पण मी उभी राहिले ती दरबार हॉलमध्ये. १८९०च्या सुमारास पंजाबहून भाई राम सिंग तिथे गेले आणि त्यांनी ते सगळं नक्षीकाम आखलं. भिंतीवर, छतावर प्लास्टरच्या वेलबुट्ट्या, आणि शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. जवळजवळ त्याच वर्षांत इकडे आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांचा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा होत होता, तो मँट आणि चिझम या इंग्रजांनी आखलेला. इकडचा कारागीर तिकडे, तिकडचा इकडे. त्या मोरासमोर मला आमची दांडिया बाजारातली भिंत आठवली आणि पोटात कालवलं.

ती भिंत म्हणजे सासरच्या वाड्याचा दर्शनी भाग. अर्धा वाडा आमच्याकडे, अर्धा चुलत भाऊजींकडे. मूळ काम चुनेगच्ची. २००९ साली आम्ही दोघांनी मिळून एका कंत्राटदाराला दिलं. त्याने जुना चुना 'कुजलाय' म्हणून खरवडून काढला आणि वर दीड इंच सिमेंट ठोकलं, त्यावर चकचकीत प्लास्टिक पेंट. तेव्हा आम्ही दोघं घरचे आजारपण सांभाळत होतो. मी बाहेर येऊन नीट पाहिलंही नाही, आणि पाहायला हवं होतं. चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट ते सोडू देत नाहीत. जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते, वाट शोधत वर चढते, सोबत क्षार आणते, आणि ते क्षार विटेचाच भुगा करतात. तीन पावसाळ्यांत लोणा लागला, म्हणजे भिंतीवर क्षार फुटले. पाचव्या पावसाळ्यात मांडीएवढ्या उंचीपर्यंत पोपडे. भाऊजींनी कंटाळून त्यांच्या अर्ध्या भागावर टाइल लावल्या. तेव्हापासून एकाच वाड्याचं अर्धं तोंड निळ्या टाइलचं आणि अर्धं पोपड्यांचं होतं.

पिटव्हिलचा जोडबंगला बघताना हेच डोळ्यांपुढे यायचं. तिथेही घरं दोन, मालक वेगळे, पण बाहेरून एकच घर. दारं दोन टोकांना लपवलेली, मधे एकच त्रिकोणी माथा. रंग द्यायचा तर दोघांनी मिळून. आणि तिथेही, शेजारच्या एका बंगल्यावर, कुणीतरी आधुनिक सिमेंटने थिगळं लावली होती. त्या थिगळांभोवती ओलीची हिरवी कड होती. अगदी आमच्यासारखी.

उस्ताद मांडवीजवळ राहतात. वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, घाई असेल तर दुसरा कडिया, म्हणजे गवंडी, बघा. चुना विझवून महिनाभर पिंपात पाण्याखाली ठेवला. सुरखीसाठी जुन्या विटा निवडून कुटल्या. मग छिन्नीने सिमेंट उतरवायला घेतलं. मी रोज सकाळी खुर्ची टाकून बसायची. ओट्याच्या वर, दाराच्या चौकटीशी, कंत्राटदाराची छिन्नी जिथे पोचली नव्हती तिथे हातभर रुंदीचा एक तुकडा जुन्या चुन्याचा निघाला. गुळगुळीत, घोटलेला, हस्तिदंताच्या रंगाचा. उस्तादांनी त्यावर ओलं फडकं फिरवलं आणि मला हाक मारली.

त्यावर रेघा होत्या. दोन आडव्या, एक उभी. सूत दाबून काढलेल्या, कारण रेघेच्या तळाशी सुताचा पीळसुद्धा उमटलेला दिसत होता. चिऱ्याची उंची मी टेप लावून मोजली: अकरा इंच.

मी काही बोलू शकले नाही. आत जाऊन भाऊजींना बोलावून आणलं. ते लहानपणापासून या ओट्यावर बसलेले, त्यांनाही माहीत नव्हतं. बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, माझ्या बाजूलाही असतील का?"

टाइल काढायला आणखी आठ दिवस गेले. त्यांच्या बाजूला काहीच उरलं नव्हतं. तरीही गिलावा आता पूर्ण भिंतीवर झाला आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अकरा-अकरा इंचांवर सूत मारून. सुताचं एक टोक उस्तादांच्या नातवाने धरलं, दुसरं भाऊजींनी. जुना तुकडा तसाच ठेवला आहे. नवा गिलावा त्याच्या कडेला आणून मिळवला.

रंग राहिला होता. मी मंगळबाजारातून हिराकस आणला आणि चुन्याच्या निवळीत तीन प्रमाणांत घालून दाराशेजारी तीन पट्टे मारले. उस्तादांनी हे कधी केलं नव्हतं. ते हात मागे बांधून बघत होते. लावताना पट्टे हिरवट दिसले, शेवाळ आल्यासारखे. उस्ताद म्हणाले, "बेन, हे बिघडलं." मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबू.

सकाळी सहाला दार उघडलं तर भाऊजी आधीच रस्त्यावर उभे होते, समोरच्या फुटपाथवर, चहाचा ग्लास घेऊन. हिरवट गेलं होतं. पहिला पट्टा सायीचा, दुसरा पिकल्या लिंबाचा, तिसरा जवळजवळ गेरूकडे झुकलेला.

"मधला," ते म्हणाले.